लशीच्या तापाआधी पोहोचायला हवे ते उत्तर

२०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीपाठोपाठ मालेगाव आणि भिवंडीतही गोवराने डोके वर काढले. कारणे एकापेक्षा जास्त होती. कोरोनाकाळात चुकलेले लसीकरण, दाटीवाटीची वस्ती, कुपोषण, कामासाठी गावाकडे ये-जा करणारी कुटुंबे. त्यात भर पडली ती लशीबद्दलच्या संशयाची.

हा संशय जुना आहे. ‘या लशीने पुढे मूल होत नाही’ ही अफवा आधी पोलिओच्या थेंबांबद्दल फिरली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात नऊ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा तीच अफवा व्हॉट्सॲपवरून पुन्हा आली. कोरोनाच्या लशीच्या वेळीही तिने पाठ सोडली नाही. लस बदलते, वाक्य तेच राहते.

भिवंडीत उर्दू, हिंदी, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषा सहज कानावर पडतात. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार लांबलचक सरकारी पत्रक वाचत नाही. गावाकडच्या भावाने पाठवलेला आवाजी संदेश मात्र ऐकतो. त्यात त्याची चूक नाही. पत्रकाची भाषा त्याची नसते आणि भाऊ त्याचा असतो.

मग त्याला खरे-खोटे ओळखायला शिकवावे का? राजकीय अफवांच्या बाबतीत हा प्रयोग बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या काळात झाला. बाराशेहून अधिक लोकांपैकी काहींना घरी जाऊन तासभर प्रशिक्षण दिले गेले. खोटी बातमी ओळखण्यात सरासरीने फरक पडला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘लोकांना जागरूक करा’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

उलट उदाहरण पश्चिम बंगालमधले. २०२० मध्ये नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या बंगालीतल्या छोट्या चित्रफितींचे दुवे सुमारे अडीच कोटी लोकांच्या मोबाइलवर पाठवले गेले. त्यानंतर आरोग्यसेविकांकडे लक्षणे सांगण्याचे प्रमाण दुपटीने वाढले. ओळखीचा चेहरा, स्वतःची भाषा आणि लगेच करता येण्याजोगी एकच गोष्ट. गोवराच्या साथीत राज्यात इमाम आणि मौलवींची मदत घेतली गेली, त्यामागेही हेच होते.

आणखी एक अडचण अफवेची नाही, अर्धवट माहितीची आहे. गोवराच्या लशीनंतर काही मुलांना ताप येतो, पण तो त्याच रात्री नव्हे, तर साधारण सात ते बारा दिवसांनी. आई घाबरते, वडिलांचा खाडा होतो, रोजची मजुरी बुडते. हे कोणी आधी सांगितलेले नसले, की शेजारीण म्हणते, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ आणि तिचा अनुभव मोबाइलवरून दहा घरांत जातो. तो खोटा नसतो, म्हणूनच खोडता येत नाही. लस टोचतानाच ‘आठवड्याने थोडा ताप येऊ शकतो, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो’ एवढे सांगितले, आणि सहाव्या दिवशी तेच आईच्या भाषेत मोबाइलवर पाठवले, तर त्या शेजारणीआधी उत्तर पोहोचलेले असेल. अफवेचे खंडन करणाऱ्या मोठ्या फलकापेक्षा हे स्वस्त आहे. ताप जास्त असेल किंवा मूल मलूल झाले असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे, हेही त्याच संदेशात हवे.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो; म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत; दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. घरातले कार्ड आजच काढून पाहा, आणि गावाला जाताना ते सोबत ठेवा.