आंद्रेत्ती : एका मोजपट्टीत न मावणारी कारकीर्द
- क्रीडा प्रतिनिधी

एखाद्या मोटार शर्यतपटूची थोरवी कशी ठरवायची? फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. विश्वविजेतेपदे किती, विजय किती, पोल पोझिशन किती, हे आकडे एकाखाली एक मांडले की क्रमवारी आपोआप तयार होते. मायकेल शूमाकर आणि लुईस हॅमिल्टन हे प्रत्येकी सात विश्वविजेतेपदांसह तिच्या शिखरावर विराजमान आहेत. मारिओ आंद्रेत्ती हे नाव मात्र या यादीत बरेच खाली शोधावे लागते. १२८ शर्यती, १२ विजय, १८ पोल पोझिशन आणि १९७८चे एकमेव विश्वविजेतेपद, एवढीच त्याची नोंद.

तरीही विसावे शतक संपताना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने शतकातील सर्वोत्तम चालक निवडला, तेव्हा ए. जे. फॉइट याच्याबरोबरीने हा मान आंद्रेत्तीला मिळाला. आकड्यांची यादी आणि जाणकारांचा कौल यांत एवढी तफावत का पडावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आंद्रेत्तीच्या कारकिर्दीबरोबरच थोरवी मोजण्याच्या आपल्या पद्धतीचीही तपासणी करावी लागते.

निर्वासित छावणीतून शर्यतीकडे

आंद्रेत्तीचा जन्म २८ फेब्रुवारी १९४० रोजी इस्त्रिया प्रांतातील मोंतोना या गावी झाला. आल्दो हा त्याचा जुळा भाऊ. हा भाग तेव्हा इटलीत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो युगोस्लाव्हियाकडे गेला आणि आज तो क्रोएशियात आहे. १९४८ मध्ये आंद्रेत्ती कुटुंबाने घरदार सोडले आणि इटलीतील लुक्का शहरातील निर्वासितांच्या छावणीत आसरा घेतला. तेथे त्यांनी सात वर्षे काढली. १९५४ मध्ये मोंझा येथे इटालियन ग्रां प्री पाहताना १४ वर्षांच्या मारिओला अल्बेर्तो अस्कारीने भारून टाकले. पुढच्याच वर्षी अस्कारी अपघातात मरण पावला आणि त्याच वर्षी आंद्रेत्ती कुटुंब अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, नाझरेथ या गावी येऊन स्थिरावले.

या गावाला मातीचा शर्यतमार्ग होता. दोघा भावांनी १९४८ची एक जुनी हडसन मोटार दुरुस्त केली आणि १९५९ मध्ये वडिलांच्या नकळत आळीपाळीने ती चालवायला सुरुवात केली. मोसमाच्या अखेरीस आल्दोला जबर अपघात झाला, तेव्हा कुठे घरी या उद्योगाचा पत्ता लागला. आल्दो त्यातून सावरला. परंतु १९६९ मधील दुसऱ्या अपघाताने त्याची कारकीर्द संपवली. एकाच दिवशी जन्मलेल्या आणि एकाच मोटारीतून सुरुवात केलेल्या दोघा भावांपैकी एकाच्या वाट्याला कीर्ती आली, दुसऱ्याच्या वाट्याला इस्पितळ. शर्यतीच्या जगात गुणवत्तेइतकाच दैवाचाही वाटा असतो, हे आंद्रेत्ती घरातच शिकला होता.

तीन विजय, तीन वेगळी शास्त्रे

आंद्रेत्तीच्या थोरवीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. डेटोना ५००, इंडियानापोलिस ५०० आणि फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद हे तिन्ही मान मिळवणारा तो एकमेव चालक आहे. या वाक्याचे वजन कळण्यासाठी या तीन स्पर्धांमधील अंतर समजून घ्यावे लागते.

डेटोनाची शर्यत ही स्टॉक कार प्रकारातली. मोटार अवजड, वर छत, बाह्यरूप नेहमीच्या मोटारीसारखे. अडीच मैलांच्या या मार्गाची वळणे ३१ अंशांत उतरती आहेत. येथे पुढच्या मोटारीने फोडलेल्या हवेच्या आडोशाने वेग मिळवायचा आणि नेमक्या क्षणी बाहेर पडून पुढे जायचे, हे खरे कौशल्य. या प्रकारात मुरलेले दक्षिणेकडचे चालक बाहेरच्याला सहसा दाद देत नसत. १९६७ मध्ये आंद्रेत्ती फोर्ड मोटार घेऊन तेथे उतरला आणि निम्म्याहून अधिक फेऱ्या आघाडीवर राहून जिंकला.

इंडियानापोलिसची मोटार हलकी आणि उघड्या चाकांची. येथे केवळ डावीकडे वळायचे असते. त्यामुळे मोटारीची बांधणीही मुद्दाम असमतोल ठेवली जाते. बाहेरच्या बाजूचे टायर आतल्या टायरपेक्षा किंचित मोठे असतात. १९६९ मध्ये सरावात आंद्रेत्तीची नवी लोटस मोटार आदळली आणि त्याचा चेहरा भाजला. पहिल्या रांगेतील चालकांच्या पारंपरिक छायाचित्रासाठी त्याच्या जागी आल्दो उभा राहिला. शर्यतीत आंद्रेत्तीने राखीव ठेवलेली जुनी हॉक मोटार चालवली आणि तीच विजयी ठरली.

फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा सारे बदलते. डावी-उजवी वळणे, जोरदार ब्रेक, सतत बदलणारे गिअर आणि पावसातही न थांबणारी शर्यत. १९७६ मध्ये जपानमधील फुजी येथे मुसळधार पावसात सुरू झालेली शर्यत आंद्रेत्तीने जिंकली. १९७८ मध्ये त्याने सहा शर्यती, त्यांपैकी पाच लोटस ७९ या मोटारीत, जिंकून विश्वविजेतेपद मिळवले. या मोटारीचा तळ उलट्या पंखासारखा घडवलेला होता. त्याखालून वाहणारी हवा मोटारीला जमिनीकडे खेचून धरी आणि वळणावरचा वेग वाढे.

विशेष म्हणजे अमेरिकेतील गोल मार्गांवरचा अनुभव येथे अडचण न ठरता उपयोगी पडला. टायरच्या आकारातील सूक्ष्म फरक, चारही चाकांवरील वजनाची वाटणी यांकडे युरोपातील संघ तेव्हा फारसे लक्ष देत नसत. आंद्रेत्तीने लोटसमध्ये त्याचा आग्रह धरला. एका प्रकारातील विद्या दुसऱ्या प्रकारात नेऊन वापरणे, हे बहुविध चालकाचे खरे लक्षण होय.

या तीन विजयांखेरीज सेब्रिंगची १२ तासांची शर्यत त्याने १९६७, १९७० आणि १९७२ अशी तीनदा जिंकली. १९७०चा विजय तर आख्यायिकेसारखा आहे. आघाडीवर असलेली त्याची फेरारी बंद पडली. मग संघाच्या दुसऱ्या फेरारीत बसून त्याने पीटर रेव्हसन आणि चित्रपट अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन यांच्या पोर्शचा पाठलाग केला. १२ तासांच्या झुंजीचा निकाल अखेर अर्ध्या मिनिटाहून कमी अंतराने लागला.

१९६९चा अमेरिकी अजिंक्यपदाचा मोसम हा याहून मोठा पुरावा ठरावा. त्या काळी एकाच अजिंक्यपदात डांबरी गोल मार्ग, वळणावळणांचे मार्ग, मातीचे मार्ग आणि कोलोरॅडोतील पाइक्स पीक या डोंगरावरची खड्याच्या रस्त्याची चढण, या सर्वांचा समावेश असे. आंद्रेत्तीने त्या वर्षी इंडियानापोलिस जिंकले, पाइक्स पीकही जिंकले आणि अजिंक्यपदही पटकावले. कसोटी, एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० या तिन्ही प्रकारांत एकाच वर्षी सर्वोत्तम ठरण्यासारखाच हा पराक्रम.

बहुविधतेची किंमत

परंतु अनेक आघाड्यांवर लढणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते. सप्टेंबर १९६८ मध्ये आंद्रेत्ती मोंझा येथे फॉर्म्युला वन पदार्पणासाठी आला. सरावानंतर तो इंडियानात एका मातीवरच्या शर्यतीसाठी विमानाने गेला आणि परत आला. तथापि २४ तासांच्या आत दुसऱ्या शर्यतीत भाग घेतल्याच्या कारणावरून त्याला मोंझात उतरू दिले गेले नाही. पुढच्या महिन्यात वॉटकिन्स ग्लेन येथे पदार्पणातच त्याने पोल पोझिशन मिळवली, तेव्हा मोंझात काय हुकले याची कल्पना सर्वांना आली.

मे १९७८ मध्ये तो बेल्जियममध्ये शर्यत जिंकत असताना इंडियानापोलिसची पात्रता फेरी त्याच्या वतीने दुसऱ्याच चालकाने दिली. चालक बदलल्यामुळे नियमानुसार आंद्रेत्तीला ३३व्या, म्हणजे शेवटच्या स्थानावरून सुरुवात करावी लागली आणि तो बारावा आला. १९७४ पर्यंत त्याने फॉर्म्युला वनचा एकही मोसम पूर्णवेळ खेळला नव्हता, हेही १२ विजयांचा हिशेब करताना विसरता येत नाही.

विश्वविजेतेपदाचा क्षणही त्याला निर्भेळ लाभला नाही. १० सप्टेंबर १९७८ रोजी, लहानपणी ज्या मोंझाने त्याला शर्यतीचे वेड लावले, त्याच मोंझात ते निश्चित झाले. पण सुरुवातीलाच झालेल्या अपघातात त्याचा लोटसमधील सहकारी रॉनी पीटरसन गंभीर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. गुणतक्त्यात आंद्रेत्तीला गाठू शकणारा पीटरसन हाच एकमेव चालक उरला होता. जेतेपदाचा जल्लोष शोकात बुडून गेला.

आक्षेपांचे काय?

आंद्रेत्तीच्या थोरवीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला, १९७८ची लोटस मोटार इतरांहून खूप सरस होती आणि पीटरसनने दुय्यम चालकाची भूमिका मान्य केली होती. १९७८ नंतर आंद्रेत्तीला फॉर्म्युला वनमध्ये एकही विजय मिळाला नाही, ही गोष्ट या आक्षेपाला बळ देते. दुसरा, इंडियानापोलिस येथे २९ वेळा उतरूनही त्याला एकच विजय मिळाला. तिसरा, ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याला कधीच सर्वसाधारण गटात जिंकता आली नाही.

पहिल्या आक्षेपाचे अर्धे उत्तर असे की ती मोटार घडवण्यात त्याचाही हात होता. उरलेले अर्धे उत्तर १९८२ मध्ये मिळाले. त्या वर्षी जिल व्हिलनव्हचा मृत्यू आणि दिदिए पिरोनीचा अपघात यांमुळे खचलेल्या फेरारीने मोंझासाठी ४२ वर्षांच्या आंद्रेत्तीला बोलावले. त्याने थेट पोल पोझिशन मिळवली आणि शर्यतीत तिसरा क्रमांक पटकावला.

इंडियानापोलिसने मात्र त्याची थट्टाच केली. १९८१ मध्ये शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी बॉबी अन्सरला दंड होऊन आंद्रेत्ती विजेता जाहीर झाला. ऑक्टोबरमध्ये हा निर्णय फिरवण्यात आला. १९८७ मध्ये २०० पैकी १७० फेऱ्या आघाडीवर राहिल्यानंतर त्याच्या मोटारीने दगा दिला. ल मान्समध्ये १९९५ साली, वयाच्या ५५व्या वर्षी, त्याचा संघ अवघ्या एका फेरीने दुसरा आला. आंद्रेत्तीच्याच हातून सुरुवातीला झालेल्या अपघातात गेलेला वेळ तेथे निर्णायक ठरला. ही चूक दैवाच्या माथी मारता येत नाही.

याच उणिवेमुळे ग्रॅहम हिल याचे पारडे काहींना जड वाटते. मोनॅको, इंडियानापोलिस आणि ल मान्स या तिन्ही शर्यती जिंकणारा हिल हा एकमेव चालक आहे. फॉइटने इंडियानापोलिस चारदा जिंकले, शिवाय डेटोना ५०० आणि ल मान्सही. पण फॉर्म्युला वनमध्ये त्याने स्वतःला आजमावले नाही. जॉन सर्टीस हा तर मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही प्रकारांत विश्वविजेता ठरला. प्रत्येकाच्या संग्रहात एक रत्न असे आहे की जे इतरांकडे नाही.

निकष कोणता?

मग आंद्रेत्तीला झुकते माप का द्यावे? याचे उत्तर कालावधीत आहे. फॉर्म्युला वन सोडल्यानंतर १९८४ मध्ये, ४४व्या वर्षी, त्याने अमेरिकेतील कार्ट मालिकेचे अजिंक्यपद मिळवले. त्याआधीची तेथील त्याची अजिंक्यपदे १९६५, १९६६ आणि १९६९ची होती. एप्रिल १९९३ मध्ये फिनिक्स येथे ५३व्या वर्षी त्याने ५२वा आणि अखेरचा इंडीकार विजय नोंदवला. विजयांच्या यादीतील त्याचे दुसरे स्थान हिरावून घ्यायला स्कॉट डिक्सनला २०२२ साल उजाडावे लागले. या तीन-साडेतीन दशकांत इंजिन चालकाच्या पुढून मागे गेले, टायर रुंदावले, पंख आले, टर्बो आले. प्रत्येक बदलाबरोबर आंद्रेत्तीने आपली विद्या नव्याने घडवली.

बहुविध चालकाची थोरवी मोजताना म्हणूनच विजयांची बेरीज पुरेशी ठरत नाही. दुसऱ्याच्या अंगणात, त्याच्या नियमांनी, त्याच्या उत्तमातील उत्तमाला हरवता येते का, आणि काळ बदलल्यावर पुन्हा हरवता येते का, हा खरा निकष. आजच्या करारबद्ध, वर्षभर व्यग्र चालकांना अशी मुशाफिरी जवळपास अशक्य झाली आहे. फर्नांडो अलोन्सोने २०१८ आणि २०१९ मध्ये ल मान्स जिंकून तसा प्रयत्न केला, पण इंडियानापोलिसने त्यालाही हुलकावणी दिली.

ऑगस्ट १९७८ मध्ये आंद्रेत्तीने नेदरलँड्समध्ये मिळवलेल्या विजयानंतर एकाही अमेरिकी चालकाला फॉर्म्युला वनची शर्यत जिंकता आलेली नाही. त्याच्या फॉर्म्युला वन विजयांचा आकडा बाराच आहे. पण तो मिळवणारा माणूस त्याच काळात माती, डांबर आणि डोंगर या तिन्हींवर जिंकत होता, हे त्या यादीत कोठेच लिहिलेले नसते.