पाणी सांगेल तिथं मुक्काम

रानात मुक्काम म्हटलं की मराठी माणसाला आधी कोकण आठवतं. पाठीला डोंगर, समोर समुद्र आणि मधे लाकडी खोली किंवा कापडी तंबू. त्या यादीत धाराशिव जिल्ह्याचं नाव कुणी घेत नाही. बाहेरचा माणूस येतो, तुळजाभवानीचं दर्शन घेतो, वेळ उरला तर नळदुर्गाला चक्कर मारतो आणि दिवस मावळायच्या आत सोलापूरची वाट धरतो. बालाघाटाची रात्र त्याला दिसतच नाही.

वास्तविक उघड्या डोंगरात रात्र काढण्याची रीत या मुलखात शेकडो वर्षं चालत आली आहे. यात्रेकरू, सरदार, मेंढपाळ, ऊसतोड कामगार, सगळ्यांनीच इथं मुक्काम टाकले. त्यांची कारणं वेगळी होती, पण जागा ठरवली ती पाण्यानं.

डोंगराची घडण

बालाघाट हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट थराथरानं पसरत आणि थिजत गेले. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत. भेगाळलेल्या थरातून पाणी खाली मुरतं, घट्ट थरापाशी अडतं आणि जिथं डोंगराची कड तुटते तिथं झऱ्यानं बाहेर येतं. त्यामुळं बालाघाटात धबधबा, कुंड आणि देऊळ ही तिन्ही बहुतेक वेळा एकाच घळीत सापडतात. तुळजापूरची कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थंही अशीच, डोंगराच्या कडेला.

या डोंगराचा माथा म्हणजे दोन खोऱ्यांची शीव. एका अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं बोरी-सीनेतून भीमेला आणि पुढं कृष्णेला. पडलेलं पाणी दोन्हीकडं वाहून जातं, माथ्यावर थोडंच थांबतं. म्हणून जिथं ते थांबतं, ती जागा इथल्या माणसानं आणि जनावरानं नेमकी लक्षात ठेवली.

रामलिंगाची घळ

धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर येडशी. गावाजवळच्या घळीत, पायऱ्या उतरून गेल्यावर रामलिंगाचं शिवमंदिर लागतं. ओढा देवळाला वळसा घालून जातो आणि चांगला पाऊस झाला की शेजारीच धबधबा कोसळतो. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं, अशी लोकश्रद्धा आहे. जटायूची समाधीही दाखवतात. श्रावणात इथं गर्दी उसळते, आणि माकडं भाविकांच्या हातची पिशवी सोडत नाहीत.

आसपासचा सुमारे बावीस चौरस किलोमीटरचा टापू 1997 मध्ये ‘येडशी रामलिंग घाट अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. पानगळीचं, काटेरी, उन्हाळ्यात करपून जाणारं हे जंगल आहे. कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे याच घाटातून वर चढायची. 1897 मध्ये ती बार्शीपर्यंत आली आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचली. पुढं 2008 पर्यंत या मार्गाचं रुंदीकरण पूर्ण झालं आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

धरणाच्या पोटातली खोली

पाण्याच्या अगदी जवळ राहण्याची हौस कुणी सर्वांत थाटात भागवली असेल, तर ती नळदुर्गात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर किल्ल्याच्या दोन भागांना जोडणारा दगडी बंधारा बांधला गेला. त्यावरच्या शिलालेखाचं साल 1613. या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून आत जायचं, सज्जात बसायचं आणि डोक्यावरून उडी घेणारी नदी समोरून खाली जाताना पाहायची. नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी पडत असतं, पण आतली खोली कोरडी राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी साधलेलं हे गणित पाहायला आजही पावसाळ्यात, नदी भरून वाहते तेव्हा, माणसं लोटतात.

1853 मध्ये निजामानं काही जिल्हे इंग्रजांच्या हवाली केले. तेव्हा नळदुर्गाचा कारभार पाहायला फिलिप मेडोज टेलर आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा तो हाच. 1857 पर्यंत त्यानं नळदुर्गात मुक्काम केला आणि पुढं आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याविषयी आपुलकीनं लिहिलं. 1863 सालच्या त्याच्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तर तुळजापूरचीच आहे. चार वर्षांच्या मुक्कामानं हा मुलूख त्याला किती भिनला होता, हे त्यावरून कळतं.

हौस आणि पोट

तंबू हा शब्द आज सहलीच्या जाहिरातीत शोभतो, पण या जिल्ह्याला तंबूवजा निवारे पोटासाठी ठाऊक आहेत. मेंढपाळांचा वाडा रानोमाळ हिंडतो. संध्याकाळी वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडायची, कडेला पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची. ज्याच्या शेतात मेंढरं बसतील त्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. जागा मागून घ्यायची, पाणी कुठं पाजायचं ते विचारून घ्यायचं, हा त्यांचा रिवाज.

दुसरा निवारा ऊसतोडीचा. दसरा झाला की भूम, वाशी, कळंब भागातली कितीतरी कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरोघरी फराळ चालू असताना त्यांची दिवाळी फडाजवळच्या कोपीत होते. घोटभर पाण्यासाठी मैलभर जावं लागणं हे त्या मुक्कामात साहस नसतं. रानातल्या राहण्याचं कौतुक लिहिताना हे विसरून चालणार नाही.

तिसरी रीत पाहुणचाराची. तुळजापुरात भक्तनिवासं आणि लॉज येण्याआधी यात्रेकरू आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरत. हे नातं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला, देशभूषण आणि कुलभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्रावर, जैन यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहे. आज ज्याला होम स्टे म्हणतात, ते या डोंगराला नवं नाही.

नवा रहिवासी

2024 च्या डिसेंबरात येडशी रामलिंगच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला आणि जिल्हा हादरला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. गावं, शेतं आणि महामार्ग ओलांडत तो साडेचारशेच्या आसपास किलोमीटर चालून आला होता. वयात आलेला नर नव्या हद्दीच्या शोधात असा निघतोच. 2025 च्या सुरुवातीला त्याला पकडण्यासाठी ताडोब्याहून पथक आलं, पण त्यानं सर्वांना हुलकावणी दिली. धाराशिव आणि बार्शीच्या शिवारात जनावरं मारली गेली. रात्री पिकाला पाणी द्यायला जायची शेतकऱ्यांना धास्ती वाटू लागली.

मुक्कामाचा विचार करणाऱ्यानं यातून एक गोष्ट घ्यावी. बावीस चौरस किलोमीटर हे वाघाला अंगण म्हणूनही अपुरं. एवढ्याशा जंगलात उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात, आणि वाघासकट प्रत्येक जनावर रात्री तिथंच येतं. आपण पाण्याच्या काठी तंबू ठोकला की ती रात्र त्या सगळ्यांना तहानेत काढावी लागते.

समुद्राकाठी काय दिसतं?

आता तुलनेसाठी कोकण पाहू. रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, 1986 पासून संरक्षित. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, डोंगरात ऐन, किंजळ, अवाढव्य गारंबीचे वेल, शेकरू, बिबटे. सुपेगावला वनखात्यानं राहण्याची आणि तंबूंची सोय केली आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथलं जीवन ‘गाणी’वर, म्हणजे बारमाही पाणवठ्यांवर अवलंबून. चिखलगाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावं. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की मुक्काम गावाच्या अंगाला आहे आणि गाणी रानात आहेत. तिथली जोखीम मात्र वेगळी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यात या पट्ट्यातली असंख्य झाडं आडवी झाली. बालाघाटाला वादळाची भीती नाही. इथं तहानेची आहे.

जाणाऱ्यांसाठी

पाणी पाहायचं असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि आकाश पाहायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. गावदिव्यांपासून दूर गेलात तर तो झकास दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हौस आवरावी.

अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव करणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. नळदुर्ग संरक्षित स्मारक आहे, तिथं तंबू मनात आणू नये. मोकळ्या शिवारात शेतमालकाला विचारून उतरावं. मण्यार रात्री हिंडते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर न झोपता खाट किंवा चेनबंद तंबू वापरावा. पाणी घरून न्यावं, गावच्या आडावर विसंबू नये.

जिल्ह्यात पर्यटन वाढवायचं तर घळीच्या तोंडाशी तंबूंची रांग लावू नये. येडशीच्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाव्यात, भाकरी-पिठलं तिथल्याच चुलीवरचं असावं, वाटाड्या गावचा असावा आणि अंधार पडल्यावर घळ रिकामी व्हावी. पैसा गावात राहील, आणि रात्रीचं पाणी ज्यांचं आहे त्यांना मिळेल.