वसिष्ठ-अरुंधतीचे घराणे

लग्नविधीत वधूवरांना अरुंधतीचे दर्शन घडविण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. पतंगासारख्या दिसणाऱ्या सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा तो वसिष्ठ, आणि त्याला बिलगून असलेली मंद तारका ती अरुंधती. एका रात्री मुलांना ही जोडी दाखवीत असता एका मुलीने विचारले, “गुरुजी, यांची गाठ पडली कोठे?” मी सांगून टाकले, “हिंडता हिंडता भेटले असतील.” हे उत्तर चुकीचे होते, हे मला पुढे वाचनातून कळले. त्याचीच ही दुरुस्ती.

दुर्बिणीतून वसिष्ठाचे दोन तारे दिसतात, हे सतराव्या शतकातच आढळले होते. १८८९ मध्ये पिकरिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने वर्णपटावरून त्यांतील एक स्वतःच जोडतारा असल्याचे दाखविले. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीचाही एक अंधुक सहचर सापडला. म्हणजे ज्यांना आपण दोघे समजतो, ते बहुधा सहा जणांचे कुटुंब आहे.

दोन भटके तारे एकत्र का बांधले जात नाहीत? जवळ येताना त्यांचा वेग वाढतो आणि त्या वेगानेच ते पुन्हा दूर निघून जातात. ही जादा शक्ती काढून घेणारा तिसरा कोणी हजर असेल तरच जोडी जमावयाची. पण तारे इतके विरळ विखुरलेले आहेत की असा योग क्वचितच येतो.

खरे कारण जन्मातच आहे. तारे जन्मतात ते वायू व धूळ यांच्या अतिशीत मेघांत. मेघातील वायू सतत घुसळत असल्याने काही ठिकाणी दाट गाठी होतात. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने मेघ आकसू लागला म्हणजे शेजारशेजारच्या गाठींतून निरनिराळे तारे घडतात. हा झाला पहिला मार्ग.

दुसरा मार्ग असा. दोरीला बांधून फिरविलेला दगड, दोरी बोटाला गुंडाळत आली म्हणजे भरभर फेऱ्या घेतो. तसाच आकसणारा मेघही अधिकाधिक वेगाने गरगरतो आणि बालताऱ्याभोवती त्याची तबकडी बनते. तबकडी फार जड झाली तर ती फुटून तिच्यातूनच दुसरा तारा निघतो. २०१६ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणींनी ययाती तारकासमूहात एकाच तबकडीतील तीन बालतारे टिपले. मधल्या दोघांतील अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ६१ पट, तर तिसरा १८३ पट दूर.

अशी सारीच भावंडे एकत्र नांदत नाहीत. तिघे सारख्याच अंतरावर असतील तर ओढाताणीत एखादा बाहेर फेकला जातो. टिकतात ती जवळच्या जोड्या आणि दूरचे सोबती, अशी मांडणी असलेली कुटुंबे. वसिष्ठाचे तसेच आहे. म्हणूनच बालताऱ्यांत सोबत्यांचे प्रमाण अधिक आढळते. तरीही सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना सोबती असतोच.

सप्तर्षींतील पाच तारे, वसिष्ठ त्यांतलाच, आणि अरुंधती आजही एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालली आहेत. कारण ती एकाच मेघाची लेकरे. तेव्हा त्या मुलीला आता मला सांगितले पाहिजे, की बाळ, यांची गाठ कोठे पडलीच नाही. ती एकाच पाळण्यात वाढली.