घरांतील हवा व गाळणीची निवड
हिवाळ्यांत मुंबईवरील वारा मंदावतो, बांधकामांची धूळ खालींच साचते व वृद्धांचा दमा बळावतो. अशा वेळीं केवळ जाहिरात पाहून हवा शुद्ध करणारें यंत्र आणणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. आधीं हवेंतील दोष ओळखावा. धूळ व धूर असल्यास ‘हेपा’ गाळणी घ्यावी, ०.३ मायक्रॉनचेहि ९९.९७ टक्के कण ती अडविते. वायु व दुर्गंध मात्र तींतून पार जातात. कारखान्याजवळच्या घरीं सक्रिय कोळशाचा थरहि लागतो. ओझोन सोडणारें यंत्र फुप्फुसांस अपायकारक. तें आणूंच नये.

खोलीच्या आकारास पुरेल असें एकच यंत्र घेणें झालें, तर तें दिवाणखान्याची शोभा न होतां आजोबांच्या निजण्याच्या खोलींत असावें. आणि स्वयंपाकघरांतील धूर बाहेर घालविण्याची सोय नसेल, तर कोणतेंहि यंत्र पुरें पडणार नाहीं.