गाडी, कॅफे की रेस्टॉरंट? दुकान घेण्याआधी खुर्चीचा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आकडे जरा पटापट सांगितले होते. ते इथे निवांत मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न नेहमीचाच आहे. गाडी जोरात चालते, सकाळी रांग लागते, चव लोकांना आवडते. मग घरातले म्हणतात, "आता गाळा घे. पावसात उभं राहायला नको, पालिकेची गाडी आली की पळापळ नको. मुलीच्या बायोडेटात वडिलांचं 'स्वतःचं हॉटेल' लिहिता येईल." यातलं एकही कारण खोटं नाही. पण गाडी, कॅफे आणि रेस्टॉरंट या एकाच शिडीच्या तीन पायऱ्या आहेत असं आपण धरून चालतो, आणि तिथे फसतो. हे तीन वेगळे धंदे आहेत. पदार्थ तोच असला तरी गिऱ्हाईक पैसे वेगळ्या गोष्टीचे देतं.

गिऱ्हाईक नक्की कशाचे पैसे देतं?

वडापाव घ्या. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं मानलं जातं. त्याची खुबी चवीइतकीच सोयीत होती. प्लेट नको, चमचा नको, बसायला जागा नको. गिरणीत नाहीतर ऑफिसात निघालेला माणूस लोकल पकडता पकडता पोट भरू शकत होता. म्हणजे गाडीवर गिऱ्हाईक चवीसोबत वेळ वाचवण्याचे पैसे देतं.

कॅफेत उलटं. तिथे माणूस बसायला येतो. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक 1935 पासून आहे, मुंबईतलं कयानी 1904 पासून. बन मस्का आणि चहा घेऊन गप्पा मारणाऱ्यांच्या पिढ्या तिथे होऊन गेल्या. पण इराणी मालक भाबडे नव्हते हं! 'जास्त वेळ बसू नये', 'गल्ल्यावर गप्पा मारू नयेत' अशा धाटणीच्या त्यांच्या पाट्या इतक्या गाजल्या की निस्सीम इझिकेल यांनी त्यांवर कविता केली. आपण त्या पाट्यांना हसतो, पण मालक त्यातून खुर्ची सांभाळत होता. एका चहावर दोन तास अडलेली खुर्ची म्हणजे भाडं भरणारी रिकामी खुर्ची.

रेस्टॉरंटमध्ये कुटुंब येतं, तासभर बसतं, मोठं बिल करतं. पण ते रविवारी संध्याकाळी. मंगळवारी दुपारी टेबलं रिकामी असतात आणि पगार मात्र रोजचा चालू असतो.

आता हिशोब

समजा, तुमची मिसळीची गाडी आहे. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

प्लेट 60 रुपये. त्यात माल 24, कर 3. उरले 33. रोज 150 प्लेट आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,28,700 रुपये. त्यातून दोन पोरांचे पगार 30,000, गॅस-पार्सल-किरकोळ 20,000, सामान ठेवायची खोली वगैरे 10,000. म्हणजे 60,000 गेले. हातात 68,700 राहिले.

आता तीच मिसळ 24 खुर्च्यांच्या गाळ्यात. प्लेट 90 रुपये. माल 35, कर आणि टिश्यू वगैरे 5. उरले 50. छान वाटतं ना, 33 चे 50 झाले! पण पुढे बघा. भाडं 60,000. पाच माणसं, 75,000. वीज, गॅस, पाणी 35,000. फर्निचर आणि डिपॉझिटसाठी 10 लाखांचं कर्ज काढलं, 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, तर हप्ता सुमारे 22,000. महिन्याला 1,92,000 रुपये ठरलेला खर्च, गिऱ्हाईक येवो न येवो.

त्याच 150 प्लेट विकल्या, तर 1,95,000 जमतात. मालकाच्या हातात 3,000!

गाडीवर जेवढे कमवत होतात तेवढेच कमवायला इथे रोज साधारण 200 प्लेट लागतात. पावसाळ्यातही, परीक्षेच्या दिवसांतही, शेजारी नवं दुकान उघडल्यावरही.

खुर्ची किती वेळा भरते?

200 प्लेट विकायला गिऱ्हाईक असेलही, पण खुर्ची पुरेल का? मिसळीची खरी गर्दी सकाळी 8 ते 11, म्हणजे 180 मिनिटं. एक माणूस 25 मिनिटांत उठला तर एक खुर्ची सात वेळा भरते. 24 खुर्च्या म्हणजे कागदावर 168 माणसं. पण चारच्या टेबलावर दोघंच बसतात, म्हणून दोन तृतीयांश धरा: 112. आणि गार एसी, मोफत वायफाय लावलंत, लोक 45 मिनिटं बसू लागले, तर? खुर्ची चार वेळा भरते. माणसं 64.

म्हणजे दुकान जितकं आरामशीर केलं तितकी विक्री कमी झाली, आणि भाव मात्र मिसळीचाच राहिला. लोक बसणार असतील तर त्यांनी बसल्या जागी आणखी काही घेतलं पाहिजे. ताक, खरवस, दुसरा चहा, काहीतरी. नाहीतर बसणं कमी करा. गर्दीच्या मिसळीच्या दुकानांत अनोळखी माणसासमोर बसवतात ना, ते उगाच नाही.

माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. केळीच्या पानावर पोटभर जेवण, मोजकेच पदार्थ. काय मागवायचं यात वेळ जात नाही, स्वयंपाकघरात शंभर पदार्थांचा माल पडून राहत नाही. बसून जेवायची जागा असूनही वेग गाडीच्या जवळ नेता येतो, तो असा.

मग गाडीवरच राहायचं का?

तसं मी म्हणत नाही. गाडीलाही मर्यादा आहेत. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीच्या प्रमाणपत्राला संरक्षण दिलं, पण ते प्रमाणपत्र कुणाला भाड्याने देता येत नाही. तुम्ही आजारी पडलात तर घरच्यांपैकी कुणीतरी उभं राहावं लागतं. धंदा विकायचा म्हटलं तर विकण्यासारखं हाती फार थोडं असतं. गाळ्याचा खरा फायदा इथे आहे: तुमच्याशिवाय चालू शकेल असा धंदा उभा करता येतो.

पण जायचं तर बेताने जा. आधी 150 चौरस फुटांचा, उभं राहून खायच्या कट्ट्याचा गाळा बघा. भाडं कमी, माणसं कमी, डोक्यावर छप्पर. गाडी लगेच बंद करू नका. घरचं माणूस सांभाळणार असेल तर सहा महिने दोन्ही चालवा. आणि हप्ता मालकाच्या आजच्या कमाईतून भरता येत नसेल, तर ते कर्ज उद्याच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर काढू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

जो गाळा घ्यायचा विचार आहे, त्याच्या आसपास चालणाऱ्या एका हॉटेलात जा. एक मंगळवार, एक शुक्रवार, एक रविवार. एक टेबल निवडा. किती माणसं बसली, किती मिनिटांनी उठली, अंदाजे काय खाल्लं, लिहून काढा. तीन दिवसांचा चहा-नाश्ता फार तर पाचशे रुपयांत होईल. दहा लाखांच्या निर्णयाआधी एवढा खर्च परवडतो.

मग वरच्या हिशोबात तुमचे आकडे घाला. ठरलेला खर्च भागिले एका प्लेटमागे उरणारे पैसे, भागिले 26. जो आकडा येईल तो घरच्यांना दाखवा आणि विचारा, "रोज एवढ्या प्लेट जातील का?" सगळ्यांचं उत्तर मनापासून 'हो' आलं, तर नारळ फोडायला मलाही बोलवा!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.