भिंतीवरचे पापलेट मापाचे असावे

हर्णे बंदराच्या वाळूवर मासळीचा लिलाव होतो. तेथील शालेय मुलांसमवेत सागरसंवर्धनाचे भित्तिचित्र रंगवायचे झाल्यास निळ्या लाटा व हसरे डॉल्फिन पुरेसे नाहीत, असे आम्हांस वाटते. समुद्र सुंदर असतो, हे कोळ्यांच्या मुलांना कोणी शिकवावे?

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमानही ठरविले : पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, घोळ ७००. ह्याहून लहान मासा बहुधा एकदाही अंडी न घालता जाळ्यात सापडतो. पुढील हंगाम त्याच्याबरोबरच टोपलीत जातो. म्हणून हे मासे भिंतीवर प्रत्यक्ष मापाचे काढावेत. पट्टी मुलांनीच धरावी. रंग जाणत्या कोळणींना विचारावेत. (भिंत पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच रंगवावी, खाऱ्या वाऱ्यात पोपडे लवकर सुटतात.)

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीविषयी चिंता व्यक्त केली होती. परंतु दोष एकट्या कोळ्याचा नव्हे. लहान मासळी सोडून देणाऱ्या घराची त्या दिवसाची कमाई बुडते. तेव्हा चित्राचा एक कोपरा ग्राहकासाठी राखावा : स्वस्त म्हणून तळहाताएवढे पापलेट मागणारा हातही तेथे दिसू द्यावा.