साडेसातचं ऊन

चौतीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत पहिली पाळी केली. सात वाजता मशिनपाशी उभं राहायचं, म्हणून पावणेपाचला उठायचं. निवृत्त झालो तरी जाग त्याच वेळी येते. पिंपळे सौदागरला राहायला आल्यावर डिसेंबरच्या अंधारातही पाच वाजता मी लिनिअर गार्डनच्या बाजूने झपाझप चालायला लागायचो. थंडीत कमावलेलं शरीर वर्षभर पुरतं आणि पहाटेची हवा सगळ्यांत शुद्ध, असं लहानपणापासून ऐकलेलं.

पहिलं आजही मानतो. दुसरं मानत नाही.

एका पहाटे वाटेवर वॉचमनने शेकोटी पेटवली होती. तिचा धूर दोन पुरुष उंच गेला, थांबला आणि चादरीसारखा आडवा पसरला. वारा पडलेला, आभाळ निरभ्र. अशा रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा, बांधकामांची धूळ, सगळं त्या झाकणाखाली अडकतं. पवनेकाठच्या सखल भागात गारठा आणखी साचतो. ऊन पडून जमीन तापली की झाकण उचललं जातं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे पाचला फिरणारा माणूस भरल्या झाकणाखाली खोल श्वास घेत असतो. पाषाणच्या आयआयटीएमने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेचे हवेचे आकडे मोबाइलवर मिळतात. सूक्ष्म धूलिकणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ सांगते. आकडा फार चढलेला असला तर मी घरातच हातपाय हलवतो. मफलरने नाकाशी हवा जरा कोमट होते, दमेकऱ्याला तेवढा आराम पडतो. पण हे कण मफलरने अडत नाहीत.

दुसरी गोष्ट हृदयाची, आणि ती मला मशिननेच आधी शिकवली होती. रात्रभर गार पडलेल्या सीएनसीवर आम्ही सकाळी लगेच कट घेत नसू. स्पिंडल आधी कमी आरपीएमवर फिरवायचा, मग हळूहळू वाढवायचा. घाई केली की माप चुकायचं. माणसाच्या कातडीजवळच्या रक्तवाहिन्या थंडीत आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. सकाळी उठल्यावर दाब तसाही वाढत असतो. पारा दहाच्या खाली गेलेला असताना अंथरुणातून उठून थेट पळायला लागणं म्हणजे गार मशिनवर पूर्ण कट.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या गटातले एक जण चालता चालता थांबले. छातीवर हात, कपाळावर घाम. तेवढ्या थंडीत घाम!

“काही नाही हो, पित्त असेल. दहा मिनिटं बसतो.”

बसवलं, पण थांबलो नाही. १०८ ला फोन केला. रक्तवाहिनीत अडथळा निघाला. ते आज आमच्याबरोबर चालतात. छातीत दाटणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही झालं तर पित्ताची वाट बघू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

आता आम्ही साडेसातला भेटतो. घरातच दहा मिनिटं खांदे, कंबर, घोटे फिरवून निघायचं, पहिली फेरी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण अंग तापलं की वरचा काढून कमरेला बांधता येतो. घामाने भिजलेला कपडा अंगावर ठेवला तर थांबल्यावर हुडहुडी भरते. तहान लागत नसली तरी पाणी प्यायचं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची वेळ आणि व्यायामाची वेळ यांचा मेळ ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घातला आहे.

एक काका अजून पाचलाच निघतात. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो आणि म्हणतो, “काका, उद्या साडेसातला. मी खाली गेटपाशी थांबतो.”